काउथॉर्पचा ओक : १७७६चं चित्र आणि ७८ फुटांचा घेर

शिरीषछाया

इंग्लंडमध्ये यॉर्कशर परगण्यात वेदरबीजवळ काउथॉर्प नावाचं छोटंसं खेडं आहे. तिथे एक ओक होता. त्याचं चित्र १७७६ साली छापलं गेलं आणि सोबतच्या मजकुरात त्याची मापं दिली होती. जमिनीलगत बुंध्याचा घेर २६ यार्ड, म्हणजे ७८ फूट. जमिनीपासून तीन फुटांवर १६ यार्ड, म्हणजे ४८ फूट. उंची साधारण ८५ फूट, तीही झाड मोडकळीला आल्यानंतरची. मुख्य फांदी बुंध्यापासून १६ यार्ड लांब गेलेली.

७८ फूट वाचून बहुतेक जण थाप म्हणून पान उलटतात. माझं म्हणणं असं की हा आकडा समजून घ्यायचा तर चित्राकडे बघावं लागतं, आणि चित्र समजून घ्यायचं तर आकड्याकडे. दोन्ही वेगवेगळे घेतले तर दोन्ही खोटे वाटतात.

आधी पुस्तकाबद्दल. जॉन एव्हलिनने १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे झाडांवर एक निबंध वाचला. आरमारासाठी लाकूड पुरेना म्हणून नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सोसायटीकडे विचारणा केली होती, त्याचं हे उत्तर. १६६४ साली त्याचं 'सिल्वा' हे पुस्तक झालं. एव्हलिन १७०६ साली गेला. पुढे सत्तर वर्षांनी यॉर्कमधले एक डॉक्टर, अलेक्झांडर हंटर, यांनी ते भरघोस टिपांसह आणि चित्रांसह पुन्हा काढलं. काउथॉर्पचं झाड आलं ते या १७७६च्या आवृत्तीत. हंटर त्याच भागातले, त्यामुळे हे झाड म्हणजे त्यांच्या घरचं प्रकरण. त्यांनी लिहिलंय की याच्यापुढे बाकीची सगळी झाडं म्हणजे जंगलातली पोरं. वाक्य जरा चढ्या सुरातलं आहे, पण मला त्यातलं प्रेम फार भावतं.

आता चित्र. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: झाड हिवाळ्यातलं दाखवलंय, पानं झडलेलं. ओकला पानं असताना त्याचा सगळा आकार हिरव्या ढिगाखाली जातो आणि चित्रकाराला मोकळं रान मिळतं, कुठेही झुपके टाकले की भागतं. निष्पर्ण झाड काढताना फांदी कुठून फुटली, कुठे मोडली, मोडल्यावर तिथे गाठ कशी आली, हे सगळं काढावंच लागतं. कातळ चढायच्या आधी तो उन्हाळ्यात कोरडा असताना बघून ठेवतात, तसं हे आहे. ज्याला झाड जसं आहे तसं नोंदवायचंय तो हिवाळा निवडतो.

दुसरी गोष्ट छपाईची. हे ताम्रपटावरून छापलेलं चित्र. कागदावरचं रेखाटन तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचं, कोरणीने किंवा अ‍ॅसिडने रेषा खोदायच्या, खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दाबाखालून काढायचा. छापताना डावं-उजवं उलटतं. खोदणाऱ्याने आधीच उलटं उतरवलं असेल तर छाप सुलट येतो, नाहीतर नाही. म्हणून जुन्या छापील चित्रातली डावीकडची फांदी प्रत्यक्षात डावीकडेच होती असं धरून चालू नये. बुंध्याचा आकार, ढोली, फांद्यांची जाडी यांना मात्र या उलटापालटीने धक्का लागत नाही.

मापांचं गणित येणाऱ्या मंडळींनी जरूर लिहावं.

मोजपट्टी

शिरीषछायाताई, विषय आवडीचा काढलात. गणित करून बघितलं.

७८ फूट घेर म्हणजे गोल धरला तर २५ फुटांच्या आसपास व्यास. ४८ फूट म्हणजे सव्वापंधरा फूट. म्हणजे नुसत्या तीन फुटांच्या चढात व्यास जवळजवळ दहा फुटांनी कमी होतो. खांबासारख्या झाडाला हे शक्य नाही. ज्याची मुळं जमिनीवर बाहेर आलेली आहेत, बुंधा खाली पसरट होत गेलाय, अशा झाडाला शक्य आहे. दोरी त्या मुळांच्या फुगवट्यावरून फिरवली की आकडा कुठल्या कुठे जातो. आपल्याकडे वनखातं म्हणूनच जमिनीलगतचा घेर घेत नाही. छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर घेतात. तिथे मुळांचा प्रभाव बराचसा संपलेला असतो.

म्हणजे ७८ हा आकडा खोटा नाही, पण तो झाडाच्या जाडीचा आकडाही नाही. जाडीच्या जवळचा आकडा ४८चा. आणि ४८ फूट म्हणजे १४.६ मीटर, ते मात्र थक्क करणारं आहे.

यॉर्ककर

मी या भागात राहतो म्हणून थोडी भर.

इथल्या जिवंत ओकशी तुलना केली तर ४८ फूट अशक्य नाही. लिंकनशरमधल्या बोथॉर्पच्या ओकचा घेर आज तेरा मीटरच्या आसपास आहे. तोही आतून पूर्ण पोकळ. १७६८ साली तिथल्या जमीनदाराने ढोलीत फरशी घालून, बाक बसवून, दार लावून जेवणाची खोली केली होती आणि वीस माणसं आत बसून जेवत असं सांगतात. शेरवुडचा मेजर ओक, ज्याचं नाव रॉबिन हूडशी जोडलं जातं, तो दहा-अकरा मीटरचा. काउथॉर्पचा त्यांच्याहून मोठा, पण त्याच जातकुळीतला.

पुढच्या शतकात काउथॉर्पला घेतलेली जमिनीलगतची मापं ७८पेक्षा बरीच कमी भरली. त्याचं कारण तेव्हाच असं दिलं गेलं की मधल्या काळात बुंध्याभोवती माती भरली गेली आणि बाहेर आलेली मुळं झाकली. मोजपट्टी यांनी जे लिहिलंय त्याला हे पक्कं जुळतं.

१७१८ साली वादळात त्याची एक बाजूची फांदी कोसळली होती, तिचं लाकूड पाच टनांहून जास्त भरलं. नुसती फांदी! झाड आता नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते वठलं.

अबोली_प

छान चाललाय धागा. एक बाळबोध शंका. झाड आतून पोकळ झालं तर ते मेलेलं नाही का? आणि गाभाच नाही तर वय कसं काढतात? खोडातल्या वर्षावर्षाच्या कड्या (वलयं) मोजायला लाकूड लागेल ना?

ढोलीतला_पिंगळा

अबोली, शंका बाळबोध नाही, इथेच सगळं मर्म आहे.

खोडात दोन प्रकारचं लाकूड असतं. बाहेरचं रसकाष्ठ, ज्यातून पाणी वर चढतं. ते जिवंत असतं. आतलं मध्यकाष्ठ, जे वाहतुकीचं काम सोडून दिलेलं, मेलेलं असतं. ओकच्या मध्यकाष्ठात टॅनिन भरपूर, त्यामुळे ते सहजी कुजत नाही. पण काही बुरश्या नेमक्या त्यावरच जगतात. एक असते ती लालभडक, कापलेल्या मांसासारखी दिसणारी. दुसरी पिवळीजर्द, एकावर एक थर रचल्यासारखी. या आतला गाभा हळूहळू खातात आणि बाहेरच्या जिवंत भागाला फारसा हात लावत नाहीत. शतकं जातात आणि ढोली होते. झाडाचं जगणं बाहेरच्या कड्यात चालूच असतं. कुजलेल्या गाभ्यातून सुटणारी द्रव्यं झाड पुन्हा मुळांनी शोषून घेतं, कधी कधी ढोलीच्या आतल्या बाजूने मुळं सोडूनसुद्धा.

दुसरं म्हणजे म्हातारा ओक स्वतःला आक्रसून घेतो. शेंड्याकडच्या फांद्यांना पाणी पुरवणं परवडेनासं झालं की त्या वठतात आणि खाली, बुंध्याजवळ, नवा आटोपशीर पसारा धरतो. वरच्या वठलेल्या फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या उभ्या राहतात. बघणाऱ्याला वाटतं झाड संपलं. ते पुढे दोन-तीनशे वर्षं काढू शकतं. हंटरने ८५ फूट उंची 'मोडकळीला आलेल्या' अवस्थेत दिलीय, ती याच टप्प्यातली असावी.

वयाचं म्हणशील तर पोकळ झाडाच्या कड्या मोजता येत नाहीत. घेरावरून आणि आसपासच्या झाडांच्या वाढीच्या वेगावरून अंदाज बांधतात. म्हणून मेजर ओकचं वय ८०० ते ११०० अशा ऐसपैस पट्ट्यात सांगतात. जो कोणी अशा झाडाचं वय नेमक्या सालात सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

रानमेवा

आपल्या ऑफिसांच्या आवारात आणि कुर्गच्या कॉफीच्या मळ्यात जो सिल्व्हर ओक असतो, तो याच्यापैकीच का?

ढोलीतला_पिंगळा

नाही. तो ऑस्ट्रेलियातून आलेला, पूर्ण वेगळ्या कुळातला. खरे ओक बघायचे तर हिमालयात जायला हवं. उत्तराखंडच्या ट्रेकला गेलेल्यांनी बांज, मोरू, खरसू यांची जंगलं पाहिली असतील, ते ओक. सह्याद्रीत रानात उगवणारा ओक नाही.

गलबत

शिरीषछाया यांनी आरमाराचा उल्लेख केला, त्यावरून लिहितो. यात मुंबईचा थेट संबंध आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

एका मोठ्या युद्धनौकेला हजारो झाडं लागत. नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ला सुमारे सहा हजार झाडं लागली असं म्हणतात, त्यातले बहुतेक ओक. अठरावं शतक संपेपर्यंत इंग्लंडला हे लाकूड पुरेना. मग त्यांनी मुंबईच्या गोदीकडे मोर्चा वळवला. वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी आणि त्यांचे कारागीर मलबारच्या सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी जहाजं बांधत होते. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलं. ते आजही शाबूत आहे, इंग्लंडच्या ईशान्येला हार्टलपूलमध्ये, आणि लोक तिकीट काढून ते बघतात. सागवानात तेलकटपणा असतो, किडीला आणि पाण्याला ते दाद देत नाही. ओकमधलं टॅनिन लोखंडी खिळे खातं, सागवान तसं करत नाही.

मग प्रश्न असा की एवढी टंचाई असताना काउथॉर्पचा महाकाय ओक कुऱ्हाडीतून सुटला कसा?

शिरीषछाया

गलबत, नेमका प्रश्न. ट्रिंकोमालीचं माहीत नव्हतं, मनापासून आभार.

सुटला तो निरुपयोगी होता म्हणून. जहाजबांधणीला भरीव लाकूड लागतं, बाकदार पण सलग फांद्या लागतात. पोकळ, गाठाळलेला, अर्धा वठलेला बुंधा कुणाच्या कामाचा? इंग्लंडमधले कितीतरी प्राचीन ओक असेच वाचले. अनेकांच्या फांद्या डोक्याच्या उंचीवरून दर काही वर्षांनी छाटत, म्हणजे नवी फूट गुरांच्या तोंडाला लागत नाही आणि सरपण मिळत राहतं. अशा छाटलेल्या झाडांचे बुंधे ठेंगणे, गुठळ्यांचे आणि लठ्ठ होतात. लाकूडतोड्याच्या दृष्टीने टाकाऊ. राजांची शिकारीची रानं आणि जमीनदारांची हरणांची कुरणं यांत ती उभी राहिली. हंटरच्या काळात काउथॉर्पचं झाड लेडी स्टोर्टन यांच्या मालकीचं होतं.

याच काळात शेरवुडच्या बाजूला हेमन रूक नावाचे निवृत्त मेजर ओकमागे लागले होते. मॅन्सफील्ड वुडहाउसला राहायचे. १७९० साली त्यांनी वेल्बेकच्या रानातल्या ओकचं सचित्र पुस्तक काढलं. 'मेजर ओक' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्याआधी त्या झाडाला कॉकपेन ट्री म्हणत, झुंजीचे कोंबडे त्याच्या ढोलीत ठेवत म्हणून. वेल्बेकचाच ग्रीनडेल ओक रूकने मोजला. त्या झाडाच्या बुंध्यात १७२४ साली मालकांनी आरपार कमान कापली होती, दहा फूट तीन इंच उंच आणि सहा फूट तीन इंच रुंद. कापून काढलेल्या लाकडाचं कपाट करवून घेतलं. मला त्या झाडाची चित्रं बघवत नाहीत. जिवंत कड्याचे दोन तुकडे करून टाकले आणि पुढची दीडशे वर्षं लोक कौतुकाने ते काढत राहिले.

रूकने लिहिलेली आणखी एक गोष्ट सांगते, कारण मोजपट्टी इथे आहेत. बर्कलंड आणि बिलहॉ या शेरवुडच्या भागांत ओक तोडताना खोडाच्या आत राजांच्या नावाच्या खुणा सापडल्या. साल काढून लाकडावर खूण ठोकलेली, नंतर तिच्यावरून नवं लाकूड वाढत गेलेलं. पहिल्या जेम्सची खूण सुमारे एक फूट आत होती, ते झाड १७८६ साली तोडलं. किंग जॉनची अठरा इंच आत, ते १७९१ साली. जॉनची कारकीर्द ११९९ ते १२१६! खूण मिळाली त्याच्याही आत फूटभर लाकूड होतं, म्हणजे ठोकली तेव्हाच झाड चांगलं मोठं होतं.

मोजपट्टी

ताई, हे वाचून कागद-पेन्सिल घेतलीच.

जेम्सचा काळ १६०३ ते १६२५. १७८६पर्यंत ढोबळ १७० वर्षं. त्यात बारा इंच, म्हणजे वर्षाला १.८ मिलिमीटर. ओकला हा वेग अगदी पटण्याजोगा.

जॉनचा १२१६ धरला तरी १७९१पर्यंत ५७५ वर्षं. त्यात अठरा इंच, म्हणजे वर्षाला ०.८ मिलिमीटर. निम्म्याहून कमी. एकाच रानातली झाडं, एकच जात, एकाच माणसाची नोंद. म्हातारपणी कडी पातळ होते हे खरं, कारण तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरावं लागतं. पण खूण ठोकली तेव्हा हे झाड जेमतेम दोन-सव्वादोन फूट व्यासाचं होतं, म्हणजे भरवाढीच्या वयातलं. पहिली शे-दोनशे वर्षं त्याने चांगली जाड वलयं घालायला हवीत. मग उरलेल्या चारशे वर्षांना लाकूडच उरत नाही.

माझं मत: जेम्सची खूण खरी, जॉनची दुसऱ्या कुणाची तरी असावी आणि वाचणाऱ्याने ती जॉनची ठरवली. रूकच्या प्रामाणिकपणावर शंका नाही, त्यांनी इंच लिहून ठेवले म्हणूनच आज आपण हे तपासू शकतो.

शिरीषछाया

पटलं. आणि तुमचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मोजणारा चुकला तरी चालेल, त्याने कुठून कुठे मोजलं ते लिहिलेलं असावं. हंटरनेही नुसतं '७८ फूट' लिहून सोडलं नाही, 'जमिनीलगत' आणि 'तीन फुटांवर' असं दोनदा दिलं. त्या दोन आकड्यांमधल्या फरकातूनच बुंध्याचा उतार कळतो. तोच उतार डोळ्यांना कळावा म्हणून चित्र.

यॉर्ककर

उतारावरून आठवलं. एडिस्टोनचं दीपगृह माहीत असेल. इंग्लंडच्या दक्षिणेला भर समुद्रातल्या खडकावर जॉन स्मीटनने १७५९ साली दगडी मनोरा उभा केला. खाली रुंद, वर आत वळत गेलेला. स्मीटनने स्वतः लिहून ठेवलंय की आकाराची कल्पना ओकच्या बुंध्यावरून घेतली; वादळात ओक मुळासकट सहसा का पडत नाही, याचा त्याने विचार केला होता. स्मीटन लीड्सजवळचा, म्हणजे काउथॉर्पपासून फार लांब नाही. पुढे झाडांवर लिहिणाऱ्यांनी काउथॉर्पच्या बुंध्याची एडिस्टोनच्या पायथ्याशी तुलना केली. त्याने नेमकं हेच झाड पाहिलं होतं असं मी म्हणत नाही, पण चित्र आणि मनोरा शेजारी ठेवून बघा.

पुढे खालचा खडक पोखरला गेला म्हणून मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला किनाऱ्यावर उभारला. समुद्रातला बुंधा अजून जागच्या जागी आहे.

अबोली_प

काउथॉर्पच्या ढोलीत सत्तर माणसं मावली होती असं एका ठिकाणी वाचलं. शक्य आहे का?

मोजपट्टी

चेंगराचेंगरी करून माणशी दोन चौरस फूट धरले तर १४० चौरस फूट, म्हणजे सव्वातेरा फूट व्यासाची पोकळी. तीन फुटांवर झाडच सव्वापंधरा फुटांचं. तिथे भिंत फारच पातळ राहील. जमिनीलगत पंचवीस फूट आहे, तिथे पाय ठेवायला जागा होईल. पोरंटोरं धरून सत्तर असतील तर मी मान्य करेन.

देवराईवाली

उशिरा आले, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या बाजूच्या झाडाचंही असं चित्र आहे. जेम्स फोर्ब्स १७६६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून मुंबईत आला. चित्रकलेचा नाद. नंतर भडोचला असताना नर्मदेतल्या बेटावरच्या कबीरवडाजवळ त्याने मुक्काम केले. १८१३च्या त्याच्या 'ओरिएंटल मेमॉयर्स'मध्ये त्या वडाचं चित्र आणि वर्णन आहे: मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे दोन हजार फूट, मोठी खोडं साडेतीनशे, लहान तीन हजारांवर. पुरात बेटाचा काही भाग झाडासकट वाहून गेला होता, हेही तो सांगतो.

वडाचं चित्र काढणं ओकपेक्षा अवघड आहे असं मला वाटतं. ओकला एक बुंधा, त्याच्यापासून सुरुवात करता येते. वडात मूळ खोड कुठलं आणि पारंबीचं खोड कुठलं हेच सांगता येत नाही.

शिरीषछाया

देवराईवाली, फोर्ब्सवर तुम्ही वेगळा धागा काढाच, मी वाचायला बसलेय.

खरड करून दोघा-तिघांनी विचारलं की चित्र बघायचं कुठे. हंटरची 'सिल्वा' स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे. इंटरनेट अर्काइव्ह आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी इथे एव्हलिन, सिल्वा, हंटर असं शोधा. १७७६नंतर १७८६ आणि १८०१च्याही आवृत्त्या आहेत. एक काळजी घ्या: मोठे पट घडी घालून पुस्तकात बांधलेले असतात आणि स्कॅन करणाऱ्याने ते कधी उलगडलेलेच नसतात, मग कोपराच दिसतो. तसं झालं तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत उघडा. आणि त्याच्यासोबत जेकब जॉर्ज स्ट्रटच्या 'सिल्वा ब्रिटानिका'तला काउथॉर्प ओक बघा, १८२२पासून निघालेलं पुस्तक आहे. एकाच झाडाची दोन चित्रं, मध्ये जवळपास अर्धं शतक. कुठल्या फांद्या गेल्या ते ताडून बघा, पण डाव्या-उजव्याच्या उलटापालटीचं लक्षात ठेवून.